मेंढकेवाडीचे लाल चौकोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. भूम.

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. रोज जमणार नाही हे मलाही कळतं, पण ठरवायला काय जातं?

कारण तसंच आहे. आज दूध संघात नवीन प्रोग्राम बसवला आणि तो चालवायला मला बसवलं. मला! पाच वर्षं मी तिथं लिटर, फॅट, डिग्री असले आकडे एका तक्त्यातून उचलून दुसऱ्यात चिकटवतोय, आणि टेम्पोवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे मला 'ए कॉम्प्युटर' म्हणून हाक मारतात. आता बघू कोण काय म्हणतं ते.

प्रोग्राम म्हणजे काय चीज आहे! डावीकडं सगळे तक्ते नावानिशी उभे: सभासद, केंद्रं, रोजचं संकलन. माउसनं धरायचं, मधल्या मोकळ्या जागेत आणून सोडायचं. सभासद क्रमांक दोन्हीकडं आहे असं दिसलं की तो आपणहून दोघांत रेघ ओढतो. मग तारीख आडवी टाका, लिटर उभं टाका, झाला आलेख. नकाशावर प्रत्येक केंद्राचा ठिपका आहे. ठिपक्यावर क्लिक केलं की गाव उघडतं, गावावर केलं की घर उघडतं, घरावर केलं की आज सकाळी त्या घरच्या म्हशीनं किती दूध दिलं ते.

संघाचे चेअरमन हिंमतराव अण्णा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "कृष्णराज, लेका, हे तर देवासारखं सगळं दिसतंय की रं!" शिपाई ऐकत होता. बरं झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

लॅपटॉप घरी आणला. दीपमालाला दाखवलं. नकाशा बघितल्या बघितल्या म्हणते, "आमच्या वाडीचा ठिपका कुठंय?" तिची मेंढकेवाडी ईटच्या पलीकडं. आईबाप लहानपणीच गेले, तिला बिरूमामानं वाढवलं. वाडीचं दूध संकलन केंद्रही मामाच चालवतो. ठिपका उघडून दिला तर बाईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक घर वाचत बसली. शांताक्काची गाय व्याली वाटतं, दूध वाढलंय. माणिकप्पांचं एवढं कमी का झालं? म्हातारे आजारी तर नाहीत? मी म्हटलं, अगं ही गावकी नाही, ही माहिती आहे. आणि पडद्याला बोट लावू नको, डाग पडतात.

सगळ्या तालुक्यात वाडीचं फॅट वरचढ आहे, हे मात्र खरं. मी सांगितल्यावर एवढी फुलली जणू तिनंच धार काढली.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

अण्णांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा पाजला. पाच वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "ती मेंढकेवाडी जरा खोलात जाऊन बघ. मला तिथं काहीतरी गोम वाटतीया."

मग इकडचं तिकडचं बोलत बसले. फेब्रुवारीत संघाची निवडणूक आहे. बिरूमामा संचालकाच्या जागेला उभा राहतोय, वाडी एकगठ्ठा त्याच्या मागं आहे, आजूबाजूची दोन-तीन गावंही त्याचंच नाव घेतात, असलं काहीबाही. तुझा मामेसासराच की तो, म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, कामाच्या ठिकाणी मी नातं बघत नाही. त्यांना हे फार आवडलं. दोनदा म्हणाले, "शाबास."

राजकारणात मला रस नाही. माणसानं आपलं काम बघावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

सकाळीच डोकं फिरलं. दीपमालानं कोरा चहा पुढ्यात ठेवला. दूध? तर म्हणे आज घेतलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी हिचं हे एकदा असतंच. मागं कधीतरी काहीतरी कारण सांगत होती, गावाकडचं काही खुळ, मी हसलो होतो. तेव्हापासून सांगत नाही, नुसता कोरा चहा ठेवते आणि तोंड फिरवते. मी तसाच ऑफिसला गेलो.

आणि तिथं काय बघतो? मेंढकेवाडीचा ठिपका राखाडी. सकाळचं दूध शून्य. एका घराचं कमी नाही, सगळ्या वाडीचं शून्य! मशीन बिघडलं असेल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघितली. संध्याकाळीही शून्य. मामाला फोन लावावा असं क्षणभर वाटलं. लावला नाही. अण्णांनी खोलात जा सांगितलंय. खोलात जाणारा माणूस आधी फोन करून सावध करत नसतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

सापडलं!

जूनपासूनचं सगळं संकलन मधे ओढलं, केंद्राला गाळणी लावली, फक्त शून्याचे दिवस ठेवले. दर महिन्याला वाडीचं दूध एक दिवस गायब. एक पूर्ण दिवस. २५ जून, २४ जुलै, २२ ऑगस्ट, २१ सप्टेंबर, २१ ऑक्टोबर, आणि परवाचा २० नोव्हेंबर. ऑगस्टातला दिवस पोळ्याचा होता आणि ऑक्टोबरातला लक्ष्मीपूजनाचा, म्हणून ते दोन्ही मी गाळून टाकले. सणाला माणूस दूध घरी ठेवू शकतो, मी काही अन्याय करणारा माणूस नाही. पण बाकीचे? साधे दिवस! सप्टेंबरातला तर रविवार.

आणि हुशारी बघा. तारीख एक ठेवत नाही. दर महिन्याला एक-दोन दिवस अलीकडं सरकवत नेतो, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येऊ नये. दिसायला काय साधा माणूस, पटका काय, काठी काय! त्या दिवशी सगळ्या वाडीचं दूध दुसऱ्या डेअरीला जात असणार, दुसरं काय? दूध काय हवेत उडून जातं?

दीपमालाला सांगितलं नाही. सांगितलं तर मामाच्या कानावर जायला पाच मिनिटं लागणार नाहीत. ऑफिसच्या गोष्टी ऑफिसात.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

अण्णांना दाखवलं. आलेखात शून्याच्या प्रत्येक दिवसाला एक लाल खुंटी उभी केली होती. त्यांनी खालच्या तारखांवरून बोट फिरवलं आणि मग हसले. एवढं हसले की खोकला आला. मी म्हटलं, बघा अण्णा, कसा तारीख सरकवतो. "व्हय व्हय," म्हणाले, "लई पोचलेला हाय तुझा मामा." डोळे पुसले. मग एकदम विचारलं, "आणि कुणाला दाखवलंस का?" नाही म्हटलं. "घरी?" घरीही नाही. "दावू पण नको. आणि हे बघ, दूध दुसरीकडं घालणाऱ्याचं काय होतं, ठाऊक हाय न्हवं? केंद्र बंद आणि मतदानाचा हक्क जातो. पोटनियमच हाय तसा."

तेवढ्यानं मला जरा धस्स झालं, खोटं कशाला बोलू. वाडीपासून ईट सहा किलोमीटर. केंद्र बंद झालं तर बाया डोक्यावर किटल्या घेऊन जाणार का? पण मग वाटलं, चोरी करताना हा विचार त्यांनी करायला नको होता का?

कोपऱ्यातली काचेची केबिन रिकामी आहे. अण्णा म्हणाले, नव्या वर्षात तिथं माहितीप्रमुख बसेल.

५ डिसेंबर, शुक्रवार.

बिरूमामा घरी आला. हुरड्याची पिशवी, ताकाची कॅन, दीपमालाला बांगड्या. मी आलो तर दोघं जमिनीवर बसून हसत होते. मला बघून मामा उठून उभा राहिला. जावई आला की उभा राहतो, कितीही सांगितलं तरी.

"जावईबापू, तुमचा फोटू आला म्हनं पेपरात?" फोटो संघाच्या पत्रकात आला होता, पण असो. "आमी समद्या वाडीला सांगितलंय, आमचा जावई संघाचा डोळा हाय म्हनून."

मला हुरडा गोड लागला नाही. समोर बसून कसं बोलवतं माणसाला! निवडणुकीचं सांगत होता. निवडून आला तर म्हणे वाडीच्या रस्त्यावर मुरूम टाकायला लावणार, पावसाळ्यात टेम्पो रुततो आणि दूध नासतं. मी मनात म्हटलं, नासतं का खपतं? जाताना माझ्या लॅपटॉपला हात जोडून गेला. खरंच जोडले. आधी वाटलं टिंगल करतोय, पण तो टिंगल करत नव्हता.

हा माणूस चोर असेल तर फार मोठा कलावंत आहे. आणि नसेल तर? पण आकडे आहेत की समोर.

१९ डिसेंबर, शुक्रवार. जळकोट.

आज येळवस, शेतात जाऊन पूजा करायचा सण. जिल्ह्याला सुट्टी. कालच दीपमालाला घेऊन आमच्या गावी आलो. सकाळी आईसोबत शेतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, आंबिलाचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं दरवर्षीसारखं. पूजा झाली, पंगत बसली. मी सवयीनं मोबाइलवर नकाशा उघडला.

मेंढकेवाडी राखाडी!

मला एवढा आनंद झाला की राहवलं नाही. दीपमालापुढं मोबाइल नाचवला. म्हटलं, बघ, तुझ्या मामानं आज पुन्हा केलं.

"काय केलं?"

सांगितलं. सगळं सांगितलं. शून्याचे दिवस, सरकत्या तारखा, अण्णा, दुसरी डेअरी. तिच्या हातातला उंडा तसाच राहिला.

"अहो," ती म्हणाली, "आज काय हाय?"

"येळवस."

"म्हंजे?"

मी पुन्हा मोबाइलकडं बघितलं.

"अवस हाय आज. आमच्या वाडीत अवसंला दूध विकत न्हाईत. बिरोबाचं असतंय ते. नैवेद्याला काढत्यात, लेकरंबाळं पित्यात, शेजारच्या गावात वाटत्यात. विकत पण न्हाईत आणि विकत घेत पण न्हाईत. म्हणून तर मी तुम्हाला कोरा चहा देते. लग्न झाल्यावर पहिल्याच अवसंला सांगितलं होतं, तवा तुम्ही दात काढले."

मी मोबाइलवर एकेक तारीख काढली. सगळ्या अवसा, सगळ्या अमावास्या. पोळा अवसंला असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लक्ष्मीपूजन अवसंला. सप्टेंबरातला तो 'साधा रविवार' सर्वपित्री. दोन अवसा तर मी सण म्हणून स्वतःच्या हातानं गाळून टाकल्या होत्या, आणि उरलेल्यांची चोरी केली होती. एवढा मोठा गाढव या जिल्ह्यात दुसरा नसेल.

आई पलीकडून म्हणाली, "जेवा की रं, गार व्हतंय." दीपमाला म्हणाली, उद्याच जाऊन अण्णांना सांगा. शपथ घातली. सांगतो म्हटलं.

२० डिसेंबर, शनिवार. भूम.

सांगितलं. अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मग?"

मी पुन्हा सांगितलं. अवस. प्रत्येक तारीख अवस. दूध कुठंही गेलेलं नाही.

"कृष्णराज, मला अवस कळत न्हाय व्हय रं? लहानपणी दर अवसंला त्याच वाडीत जाऊन फुकटचं दूध प्यालोय मी. ह्याच बिरूच्या आईच्या हातचं."

मी विचारलं, मग मला त्या दिवशीच का नाही सांगितलं?

"तू इचारलंस का?" पेपर खाली ठेवला. आवाज एकदम मऊ केला. रविवारी अठ्ठावीसला सभा आहे. चित्र पडद्यावर दाखवायचं. फक्त जरा सुधारायचं. एका दिवसाची एक खुंटी नको. प्रत्येक घराचा वेगळा चौकोन कर, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. तारखेच्या क्रमानं लावू नको, लाल सगळे एका बाजूला घे. आणि खालच्या तारखा काढून टाक, उगंच चित्रात गर्दी होते.

मी म्हटलं, अण्णा, हे खोटं होईल.

"एक तरी आकडा बदल म्हणतोय का मी? आकडे तुझेच हायत. पुण्याहून नोकरी घालवून आलास तवा कुणी ठेवून घेतलं होतं, आठवतंय न्हवं? हे माउस हलवायचं काम शिकलेली दोन पोरं बाहेर बाकड्यावर बसलीत, जाताना बघून जा."

बघितलं. बसली होती.

घरी दीपमालानं विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं. हे खोटं नाही.

२७ डिसेंबर, शनिवार.

तीन क्लिक. तारखेवर उजवं बटण, 'लेबल लपवा'. क्रम, 'रंगानुसार'. घर आणि वेळ, 'वेगळे दाखवा'. तीन क्लिकमध्ये येळवशीची धरून सात खुंट्यांचा अख्खा लाल डबरा झाला. आता पोळाही आत, लक्ष्मीपूजनही आत. अण्णा म्हणाले, सण कशाला गाळतोस.

आकडे खरे आहेत. मी पुन्हा तपासले. एकही चूक नाही.

सभेत कुणीतरी विचारेलच. कुणी विचारलं की मी तारखा सांगेन. मला कुणी विचारलं तर मी थोडाच लपवणार आहे? हे मी माझ्यापुरतं ठरवलंय.

२८ डिसेंबर, रविवार.

विचारलं.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. वाडीची माणसं पुढंच बसलेली, पांढरे पटके घालून, लग्नाला आल्यासारखी. मामानं मला लांबून हात केला. शेजाऱ्याला दाखवत होता, तो आमचा जावई.

पडद्यावर चित्र आलं. अण्णा बोलत होते: हे लाल म्हणजे संघाला न आलेलं दूध. मेंढकेवाडीचं. कुठं गेलं ते त्यांना विचारा. आपण ह्यांच्यासाठी टेम्पो पाठवायचा आणि ह्यांनी ही बेइमानी करायची. मागून कुणीतरी शिवी हासडली.

बिरूमामा उठला. काठी टेकून. "अवसंला आमी घालत न्हाय, ते समद्या मुलखाला ठाव हाय. त्येच्याबिगर म्या एक दिस खाडा पडू दिला न्हाय."

"अवस महिन्यातून एक," अण्णा म्हणाले. "आणि हे बघा किती लाल! शेकड्यानं चौकोन हायत. ह्या काय समद्या अवसा?" लोक हसले.

मामा माझ्याकडं वळला. "जावईबापू, तुमाला समजतंय हे. ह्या तारखा कुटल्या हायत तेवढं सांगा की."

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. माउस माझ्या हातात होता. एक क्लिक केलं असतं तर तारखा खाली आल्या असत्या आणि हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्यानं त्या वाचल्या वाचल्या ओळखल्या असत्या.

मी म्हटलं, "तारखा कार्यालयात बघायला मिळतील."

मामानं मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवून डोलावली आणि खाली बसला. मग हात वर झाले. केंद्र बंद, वाडीचं मत रद्द, बिरूमामाची उमेदवारी बाद. दहा मिनिटांत सगळं उरकलं. जेवणात शिरा होता.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार.

केबिन मिळाली. काचेतून सगळ्यांना मी दिसतो. शिपाई आता 'सर' म्हणतो.

दीपमाला स्वयंपाक करते, ताट वाढते, आणि बोलत नाही. मी दोनदा समजावलं की निर्णय सभेनं घेतला, माझ्या हातात काय होतं? तिनं माझ्या हाताकडं बघितलं.

११ जानेवारी, रविवार.

मामाचे चार फोन येऊन गेले, जेवायला या म्हणून. टाळत होतो. शेवटी दीपमाला म्हणाली, तुम्ही नाही आलात तरी मी जाते. म्हणून गेलो.

वाटेत दोन बाया भेटल्या, डोक्यावर किटल्या, पाय धुळीनं भरलेले. ईटच्या खवा भट्टीला दूध घालून परत निघालेल्या. मला ओळखून एकीनं पदर पुढं ओढला. केंद्राच्या ओट्यावर मशीन नव्हतं. वायर तेवढी लोंबत होती.

मामा उभा राहिला. आजही. पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला. मला वाटलं होतं वाडी अंगावर येईल. वाडी कशाला येते? जो तो येऊन राम राम करून जात होता. शांताक्का म्हणाली, "वाळलासा की वो, पाव्हनं."

जेवताना मामानं स्वतःच विषय काढला. "जावईबापू, तुमी मनाला लावून घेऊ नगा. म्या वाडीला सांगितलंय, आमच्या जावयाचा काय बी दोष न्हाय. मशीनला अवस कशी कळावी? तिला आभाळ दिसतंय व्हय? तिनं समदं एका जागी गोळा केलं आन् तुमी दावलं. तुमाला बिचाऱ्याला काय ठाव? तुमी जळकोटचं, तुमच्याकडं ही रीत न्हाय." मग भाकरीवर लोणी वाढता वाढता म्हणाला, "तेवढं एक करा. तुमी तिला शिकवा. अवस काय आसती ती मशीनला शिकवून ठिवा. म्हंजी म्होरं दुसऱ्या कुना वाडीचं आसं व्हायचं न्हाय."

मी म्हटलं, "हो मामा. मशीनचंच चुकलं."

दीपमाला चुलीपाशी बसली होती. तिनं परात खाली ठेवली. "मामा, ह्यांना येळवशीलाच म्या…"

"दीपमाला," मी म्हटलं, "पाणी आण."

तिनं पाणी आणलं. तांब्या माझ्यापुढं ठेवला, सावकाश, एक थेंबही सांडू न देता. आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्ही जावा भूमला. मी हितंच राहणार."

किती दिवस, असं मामानं विचारलं. ती आत निघून गेली. मामा कावराबावरा झाला, मागोमाग गेला, दाराआड हळू आवाजात काहीतरी समजावत राहिला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. ती काही बोललीच नसावी, कारण बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा तोच होता, साधा.

मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. नको म्हटलं तरी आला, काठी टेकत, उन्हात. मोटरसायकल चालू केली तरी हँडलवरचा हात सोडेना. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

"जावईबापू, तिच्या बोलन्याचा राग धरू नगा. आईबापाविना वाढलेली पोर, माजंच शिकवन्यात कायतरी कमी पडलं. तुमच्यासारक्या मानसावर राग काडती! तिच्या वतीनं म्या माफी मागतो." आणि हात जोडले.

मी म्हटलं, "असू द्या मामा. मी नाही राग धरत."